न हललेली लहर

वाशिमच्या एका तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक होतो. मुलांची लबाडी पकडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं सगळे म्हणत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बरीच मुलं अकोल्याहून तयार आणत, त्यामुळे माझा संशय सहसा वाया जात नसे.

रेडिओवर आवाज वाहून नेणारी लहर आम्ही कॉइल आणि कपॅसिटर जोडून तयार करायचो. अशी लहर उन्हाळ्यात सर्किट तापलं की सरकते. कॉइलजवळ नुसता हात नेला तरी लहर दाखवणाऱ्या स्क्रीनवर हलते. मी प्रत्येक सर्किटवरून हात फिरवून बघे. हलली नाही तर समजायचं, टेबलाखालून दुसऱ्याच तयार यंत्राची वायर आलेली आहे. दोन मुलं मी अशी पकडली होती.

त्या वर्षी रिठदची एक मुलगी होती. घरचा भाजीचा मळा. रोज एसटीने यायची, कमी बोलायची. कमी बोलणाऱ्यांवर माझा डोळा जास्त. परीक्षेच्या दिवशी तिच्या बोर्डावर कॉइल नव्हतीच. एक चिप आणि उलट बाजूला रेझिस्टरची रांग.

"कॉइल कुठं हाय?" मी विचारलं.

"लागतच नाही सर. लहरीच्या उंचीचे आकडे चिपमध्ये भरले. चिप एकामागून एक वाचून राह्यली, रेझिस्टर त्याचं व्होल्टेज करते. फ्रिक्वेन्सी बदलायची तं आकडा बदलायचा."

"आकड्यातून लहर निघाली असती, तं आमी जलमभर तार कायले गुंडाळली?"

ती हसली. ते हसणंही मला संशयास्पद वाटलं. मी हात फिरवला, पुन्हा फिरवला. लहर जागची हलेना. टेबलाखाली वाकून पाहिलं. वायर नव्हती. तेव्हा तरी शंका फिटायला हवी होती. ती उलट वाढली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, हे पोरीचं नाही. तयार आणलेलं हाय."

त्यांनी तिला दोन प्रश्न विचारले, पण ऐकताना ते माझ्याकडे बघत होते. प्रकल्प नामंजूर झाला.

"मीच केलं सर," एवढंच ती म्हणाली. बोर्ड तिथेच सोडून गेली.

आवरताना स्क्रीन चालूच होती. मी सहज बटण फिरवून लहर ताणून पाहिली. गुळगुळीत वाटलेल्या त्या लहरीला बारीक पायऱ्या होत्या. एकेक आकडा, एकेक पायरी. बोर्ड उलटा केला. एक पाय तोकडा असलेले ते रेझिस्टर मोडक्या बोर्डांतून मीच काढले होते, आणि दिवाळीनंतर डब्यातून मीच तिला मोजून दिले होते.

परीक्षक तेव्हा ऑफिसात चहा घेत होते. मधे फक्त व्हरांडा होता. मी दारापर्यंत गेलो. आतून कोणीतरी माझ्याच नजरेचं कौतुक करत होतं. मी परत फिरलो आणि बोर्ड कपाटात ठेवला.

तिचे सहा महिने गेले. पुण्याची नोकरी निकालावर अडलेली होती, तीही गेली.

आता ती रिसोडला एका संस्थेत शिकवते. मागच्या महिन्यात मी प्राचार्यांच्या नावे पत्र लिहिलं आणि आधी तिला दाखवायला नेलं. पायऱ्यांचं, रेझिस्टरचं, चहाचं सगळं तोंडी सांगितलं.

"तुमी हात फिरवला, तवा मले वाटलं सर खुश झाले," ती म्हणाली. "हातानं हालत नाही, तेच तं दाखवायचं होतं मले."

मग तिने पत्र वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं 'गैरसमज झाला' काहून लिहिलं, सर? तो तं चहाच्या आधीपर्यंतच होता न?"

तिने पेन पुढे केला. मी ते शब्द खोडले. वर लिहिलं, 'मला त्याच दिवशी कळलं होतं.'