ओला झाकलेला कॅन

माझ्या सासूबाई ओल्या कॅनला कधी झाकण लावू देत नसत. गावच्या दूध संस्थेचे कॅन धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरून लोखंडी पत्रा, आतून कल्हई. धुऊन झाला की कॅन पालथा घालायचा, खडखडीत वाळू द्यायचा आणि मगच झाकायचा. ओल कोंडली की कल्हई जाते, कल्हई गेली की गंज धरतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. मी नवी सून. मनात म्हणायचे, ह्यातली निम्मी निगा माझी राखली तरी पुष्कळ झालं.

मोतीबिंदूनं त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून शेवटची पाहणी माझ्याकडे आली. एरवी कॅन पाण्यानं भरला की गळतो का ते कळतं, पण आमच्याकडे नुसतं बघण्यासाठी चाळीस लिटर पाणी कुठून आणायचं? मग कॅन आडवा करून बूड उन्हाकडे करायचं, तोंडाशी डोळा लावायचा आणि डोक्यावरून पदर ओढून आत अंधार करायचा. छिद्र असलंच तर उजेडाचा ठिपका दिसे. मी "न्हाई" म्हटलं की सासूबाई निर्धास्त होत.

पुढं दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीवर गेली, दूध थांबलं आणि संस्थेला कुलूप लागलं. कॅन आमच्या घरी येऊन पडले. टँकरचं पाणी आणायला सासूबाईंनी त्यातला एक मोठ्या नाखुशीनं दिला, तोही एका अटीवर. पाणी लगेच रांजणात ओतायचं आणि कॅन वाळवायचा. त्या दिवसभर रोजगार हमीच्या कामावर, घरी मी एकटी. रांजण पाझरायचा, रोज थोडं पाणी कमी व्हायचं. कॅनमधलं मात्र तसंच राहायचं. म्हणून मी ते त्यातच ठेवू लागले, वर झाकण घट्ट लावून. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. ती कल्हईला काय करते हे मला माहीत नव्हतं, पण ओला कॅन झाकायचा नाही एवढं तर माहीत होतं.

पाऊस झाला, जनावरं परतली आणि संस्था सुरू होण्याचा निरोप आला. घरात लग्न असल्यासारख्या लगबगीनं सासूबाई कॅन घासायला बसल्या. बगलेपर्यंत हात घातला तरी त्यांची बोटं बुडाच्या कडेला पोचत नव्हती. घासून, वाळवून त्यांनी तो पाण्याचा कॅन माझ्यापुढे ठेवला. मी पदर ओढला. बुडाच्या सांध्यावर सुईच्या टोकाएवढा उजेड होता. वाळताना गंजाची खपली निघाली असावी.

"हाय का काही?"

"न्हाई, आत्याबाई."

मी घाबरले होते. खरं सांगितलं असतं तर त्यात पाणी कोण ठेवत होतं हेही निघालं असतं. एवढ्याशा छिद्रातून असं किती गळणार, अशी मी माझीच समजूत घातली.

संस्था सुरू झाली. कडा गावच्या शीतकेंद्रावर पोचेपर्यंत त्या कॅनमधलं दूध पार खाली उतरलं होतं आणि उरलेल्याला गंजाचा वास लागला होता. ते परत आलं. दुसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन घरी आले आणि ओशाळून म्हणाले, मावशी, आता तुमाला दिसत न्हाई, ऱ्हाऊ द्या हे काम. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मी ताट वाढलं, पण खरं काय ते सांगितलं नाही. आयुष्यात ह्याहून हलकं काही माझ्या हातून झालेलं नाही.

तो कॅन संस्थेनं टाकून दिला. आम्ही त्यात ज्वारी भरून ठेवू लागलो.

दहा वर्षांनी बीडला सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा आला तशी त्यांनी घरातली एकेक वस्तू हातात घेऊन बघायला सुरुवात केली. एका सकाळी ज्वारीला ऊन द्यायला मी कॅन रिकामा केला. त्यांनी तो आडवा केला, बूड उन्हाकडे केलं आणि पदर ओढून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"तू बगितलंस तवाच व्हतं का गं हे?"

मी "व्हय" म्हणाले.

त्यांनी पदर खाली घेतला आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"बोटं कडंला पोचली न्हाईत म्हून धा वर्सं मी ह्या हातांलाच बोल लावीत व्हते."

मग त्यांनी कॅन आतून कोरड्या फडक्यानं पुसला आणि उन्हात पालथा घातला.