लच्छीमागे पाच पैसे, अधिक भत्ता

माझी पहिली नोकरी दोन्ही हात पुढे करून गप्प बसण्याची होती. हात पुढे करणं मला पहिल्यापासूनच जमायचं. गप्प बसण्याचे मात्र वांधे होते.

सत्तरच्या दशकातली दिल्ली. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते आणि पुण्याहून बदली होऊन आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडलो होतो. हिवाळ्यात दुपारची जेवणं उरकली की कॉलनीतल्या बायका खाटा, वेताचे मोढे, मटाराच्या शेंगा असा सगळा संसार घेऊन समोरच्या मैदानात उन्हाला यायच्या आणि विणायला बसायच्या. लोकर तेव्हा लच्छीच्या रूपात मिळायची, म्हणजे सैल गुंडाळलेला मोठा वेढा. त्याचा गोळा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात फैलावून, मनगटांवर ती लच्छी घेऊन बसावं लागे. घरची मुलं या कामाला बोलावलं की पळून जात. मी पळत नसे, कारण मला त्याचे पैसे मिळत.

पैसे द्यायच्या त्या बीजी. आमच्या खालच्या मजल्यावर एक पंजाबी कुटुंब होतं, त्या घरातल्या आजी. सगळी कॉलनी त्यांना बीजी म्हणे, म्हणून मीही. लच्छीमागे पाच पैसे आणि जुना स्वेटर उसवून दिला तर दहा, असा आमचा करार होता. मी बोलायला लागले की माझे हात एकमेकांकडे झुकायचे, लोकर सैल पडायची आणि बीजी ओरडायच्या, "हाथ सीधे रख, पुत्तर! मुँह चला, हाथ मत चला!" बोलायला परवानगी देणारा असा मालक मला पुढे नोकरीत कधी भेटला नाही.

घरून खाऊचे पैसे मिळत ते रविवारी, दहा पैसे. बाबा ते काटकसरीवर छोटंसं भाषण करून देत आणि मी ते तासाभरात गोलगप्प्यांत उडवत असे. बीजींकडच्या मजुरीचीही तीच गत होती. पण त्या वर्षी मी एकदम पैसे साठवायला लागले, कारण आई मला घेऊन दिल्ली सोडायला निघाली होती.

आईला दिल्लीची थंडी सोसत नव्हती. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावरचं आणि उत्तरेकडे तोंड केलेलं, त्यामुळे डिसेंबरात सूर्य आमच्याकडे फिरकत नसे. आई दिवसभर स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी बसून असायची. खाली मैदानात ऊन असायचं, पण तिथे हिंदी होतं. तिला भाजीवाल्यापुरतं हिंदी येई, त्यापुढे गेलं की ती गप्प होई आणि आपण गप्प झालो याचा तिला राग येई. एका संध्याकाळी तिने बाबांना सांगून टाकलं, "संक्रांत झाली की मी हिला घेऊन साताऱ्याला माहेरी जाते. तुम्ही राहा इथे तुमच्या सरकारबरोबर."

"अगं, थंडी काय कायमची असते का?" बाबा म्हणाले.

"माझ्या हाडांत कायमची शिरली आहे."

आई बोलली की करायचीच. मला दिल्ली आवडायची, पण ते राहू दे; बाबांशिवाय घर म्हणजे काय असेल, ते मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

साधा उपाय होता, स्वेटर. पण तिथेच घोडं पेंड खात होतं. पहिल्याच हिवाळ्यात बाबांनी तिला चांगला विकतचा स्वेटर आणून दिला होता. तो तिने न घालता पार्सलने साताऱ्याला आजोबांना पाठवला. "आमच्याकडे स्वेटर घालतं कोण?" ती म्हणाली होती. "तान्हं बाळ, दमेकरी आणि पेन्शनर. मी यातली कुठली?" तिच्या लेखी धडधाकट बाईने साडीवर स्वेटर चढवणं म्हणजे आपण आजारी आहोत असं गावभर सांगणं. मी विचार केला, बाबांचा स्वेटर तिने देऊन टाकला, पण पोरीने स्वतःच्या कमाईच्या लोकरीचा केलेला ती कुणाला देणार नाही. लोकर मी घेणार, विणून बीजी देणार. संक्रांतीच्या आत.

बाजारातल्या लोकरीच्या दुकानात मी एक डाळिंबी रंग हेरून ठेवला. भाव विचारून घेतला. मग कसलं काय, गोलगप्प्यांच्या गाडीवरून मान खाली घालून जायचे आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात नाणी टाकायचे. डबा बऱ्यापैकी वाजायला लागल्यावर दुकानात गेले, तर भाव वाढलेला.

"पण मागच्या वेळी तर..."

"बेटा, पीछे से ही महँगा आ रहा है," दुकानदार म्हणाले.

मी त्यांच्या मागे वाकून पाहिलं. तिथे नुसती भिंत होती आणि भिंतीवर देवाचं कॅलेंडर. मी परत आले, आणखी लच्छ्या धरल्या, शेजारच्या ब्लॉकमधले दोन जुने स्वेटर उसवून दिले, बोटांची सालं निघाली. पुन्हा गेले तर भाव आणखी वर. मी कमावते आहे हे त्यांना आतून कळतंय की काय, असं मला वाटायला लागलं. रस्त्यातच रडू फुटलं. नाकावर राग घेऊन जन्मलेली मी, रडायलाही रागानेच लागायची.

घरी बाबा आईला समजावत होते. डालडा महागला होता, साखर महागली होती, आणि बाबांचं नेहमीचं उत्तर तयार होतं, "वाढेल आता भत्ता." सरकारी कॉलनीतल्या मुलांना बाराखडीबरोबर येणारा हा शब्द. वस्तू महाग झाल्या की सरकार पगारावर थोडे पैसे वाढवून देतं, तो महागाई भत्ता. तो जाहीर झाला की सगळ्या ब्लॉकमध्ये गोडाचं होई. म्हणजे भाव वाढले की मालकाने पैसे वाढवून द्यायचे असतात, हा जगाचा नियमच आहे, अशी माझी पक्की समजूत होती. आणि इथे बीजी मला महिनोन्‌महिने तेच पाच पैसे देत होत्या!

दुसऱ्या दिवशी मैदानात जाऊन मी लच्छी हातांवर घ्यायला साफ नकार दिला.

"बीजी, पहले महँगाई भत्ता दो."

बीजींच्या सुया थांबल्या. मग त्या अशा हसायला लागल्या की खाट हलली. "सुनो री! छोरी डीए माँग रही है!" मैदानातली प्रत्येक बाई सरकारी नोकराची बायको किंवा आई. सगळ्या गोळा झाल्या. एकीने विचारलं, युनियन कुठली? दुसरी म्हणाली, आधी पे कमिशन बसवायला हवं. मला इतका अपमान वाटला की मी सगळं भडाभडा ओकून टाकलं: आई, थंडी, सातारा, डाळिंबी लोकर, मागून महाग होऊन येणारा भाव.

हसणं थांबलं. बीजींनी नाक पुसलं आणि पिशवीत हात घालून बाटलीच्या हिरव्या रंगाचा एक उरलेला गोळा माझ्या मांडीवर टाकला. "पैसे का क्या है, आज पाँच, कल कुछ नहीं," त्या म्हणाल्या. "तू ऊन ले. ऊन का भाव बढ़े तो बढ़ने दे." ऊन म्हणजे त्यांच्या भाषेत लोकर; तेव्हापासून मजुरी लोकरीत मिळू लागली. कुणाच्या नवऱ्याच्या मफलरमधून उरलेली राखाडी, कुणाच्या बाळाच्या टोपीतली गुलाबी, मोहरीच्या फुलासारखी पिवळी. डाळिंबी तेवढी कुणाकडेच नव्हती. पावडरच्या डब्यातली नाणी आणि मी पुन्हा एकदा दुकानात गेलो आणि भाव न विचारता म्हटलं, जेवढी येते तेवढी द्या. कॉलरपुरती आली.

आता माप हवं होतं. मी आईचा एक ब्लाउज पळवून आणला, तर बीजींनी तो झटकून परत दिला. "ब्लाउज से स्वेटर नहीं बनता. माँ को नीचे ला."

ते सोपं नव्हतं. मी वर जाऊन सांगितलं की बीजी बोलावतायत, तर आईने आधी मला खाली-वर पाहिलं. "काय करून ठेवलंस?" कार्टीने काहीतरी फोडलंय अशी खात्री बाळगून, पदर खांद्यांवर गच्च आवळून, ती तणतणत खाली आली. माफी मागायला लागणारं हिंदी ती जिन्यात जुळवत होती, मला ऐकू येत होतं.

बीजींनी तिला बोलूच दिलं नाही. "बैठ, बेटी." आई खाटेच्या अगदी कडेला टेकली. बीजींनी तिचे दोन्ही हात धरून पुढे ओढले आणि मनगटांवर एक भलीमोठी लच्छी चढवली. ज्याच्या हातांवर लच्छी आहे त्याला उठून जाता येत नाही. उठलं की सगळा गुंता. हे मला ठाऊक होतं, बीजींना ठाऊक होतं, आईला ते एका क्षणात कळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर माझी धडगत नव्हती.

पण ऊन होतं. तिच्या पाठीवर थेट पडत होतं. बीजी मुद्दाम सावकाश गोळा गुंडाळत होत्या आणि मी मागच्या बाजूने आईच्या पाठीला सुतळी लावून माप घेत होते. थोड्या वेळाने आईचे खांदे खाली आले. मग तिने समोरच्या मटाराकडे पाहून विचारलं, "ये क्या भाव मिला?" भाजीवाल्यापुरतं हिंदी! पण त्या मैदानात दुसरं बोलणं तरी काय चालायचं? मटार, कोबी, रॉकेल, साखर, सगळ्यांचे भाव, आणि सरकारच्या नावाने शंख. भावांच्या बाबतीत आई कुणाला हार जाणारी नव्हती. पहिली लच्छी संपली. बीजींनी न विचारता दुसरी चढवली आणि आईने न सांगता हात पुढे केले.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून खाली आली, दाण्याचे लाडू घेऊन, आणि बायकांनी तिला माझ्या भत्त्याची गोष्ट हसत हसत ऐकवली. तिसऱ्या दिवसापासून माझी नोकरीच गेली, कारण लच्छी धरायला आता आई होती. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही, इतकी मी खूश होते.

स्वेटर झाला तो रंगपंचमी खेळून आल्यासारखा, पट्ट्यापट्ट्यांचा, डाळिंबी कॉलरचा. आईने तो घरात घातला, रात्री घातला. दारात कुणी आलं की काढून ठेवायची. बाबांनी तिकिटांचं विचारलं तर म्हणाली, बघू. ते बघू ऐकून माझा जीव टांगणीला लागला.

संक्रांतीला आईने हळदीकुंकू केलं. लांबलांबच्या ब्लॉकमधल्या मराठी बायका आल्या, खालच्या पंजाबी बायका आल्या, बीजी गुडघे धरत जिना चढून आल्या. आई आतून बाहेर आली ती काळ्या साडीवर तो स्वेटर घालून. एका मराठी काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "बरं नाही का हो तुम्हाला?"

"बरं नसायला काय झालं?" आई म्हणाली. "दिल्लीची थंडी आहे. स्वेटर तर घालायलाच हवा."

"मग साताऱ्याला कधी निघताय?"

"मे महिन्यात. सुट्टीला," आई म्हणाली आणि बीजींच्या हातावर तिळगूळ ठेवला. बाबा दाराआड उभे होते. त्यांनी मला चार आणे दिले, भाषण न करता.

पुढे बाबा रिटायर झाले आणि त्यांना पुण्याला परतायची ओढ लागली, तेव्हा आईच म्हणाली, "तिकडे धड थंडीसुद्धा नसते." फरीदाबादला घर घेतलं. बाबा तिथेच गेले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि अजूनही भाजीवाल्याला रडकुंडीला आणते.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले, तर बाल्कनीतल्या उन्हात बसून ती तो पट्ट्यांचा स्वेटर उसवत होती. मला धक्काच बसला. "आई! अगं, तो कशाला उसवलास?"

"कपाटात राहून त्याला काही थंडी वाजत नाही," ती म्हणाली. "तुझ्या नातीला वाजते. कसर लागायच्या आत कामी येऊ दे." बरीच लोकर तिने आधीच रिठ्याने धुऊन, वाळवून, लच्छ्या करून ठेवली होती. डाळिंबी लच्छी अगदी लहानशी होती. तिने ती हातात घेतली. "हात पुढे कर."

मी केले. माझेही खांदे आता दुखतात, पण मी हात सरळ ठेवले. ती सावकाश गुंडाळत होती आणि पाठीवर ऊन पडत होतं. मी बोलत होते, भाव, मेट्रोचं तिकीट, नातीची शाळेची फी. लच्छी संपली तेव्हा आईने शेजारचा बटवा उघडला आणि माझ्या तळहातावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं.

"हे काय?"

"पाच पैसे मजुरी," आई म्हणाली. "बाकीचा तुझा भत्ता. त्या वेळचा राहिला होता."