चुन्याखालची वाळवी

वाळवीइतका भेकड प्राणी मी पाहिला नाही. आंधळी, पिचपिचीत, उघड्यावर थोडा वेळही तग धरत नाही. म्हणून मातीची नळी बांधून तिच्या आडून चालते. पण तिच्याहून जास्त तिटकारा मला तिला आडोसा देणाऱ्यांचा आहे.

पोलीस ॲक्शननंतर तीनेक वर्षांनी पदवी घेऊन मी मुडबीकडच्या एका खेड्यात मास्तर झालो. माझे अप्पा सुतार. त्यांना सही येत नव्हती, पण त्यांच्या रंध्यावर मी हैदराबादेत शिकलो, हे मी विसरलेलो नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून वारूळ होतं. पंचमीला बायका तिथं दूध-लाह्या वाहत. वारूळ वाळवी बांधते, नाग मागाहून राहायला येतो, असं सांगितलं की लोक हसत. त्या वारुळातून नळ्या भिंतीवर चढून तुळईला भिडल्या होत्या. तुळईखाली माझी तिसरी बसायची, आणि वर माळवदाची हातभर माती.

वारूळ खणून काढा, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. पंचांना विचारून ते परत आले.

"नागोबाच्या घरावर कुदळ कामून घालायलाव, गुर्जी? शाळा राखायलाय त्यो."

तेवढ्यात तपासणी आली. हेडमास्तरांनी नळ्यांवरून दोन हात चुना मारून घेतला. साहेबांनी भिंतींची तारीफ केली, चहा घेतला आणि गेले.

मी अप्पांना बोलावलं. त्यांनी तुळईवर टिचकी मारली, मग पटाशी टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली. खाली नुसती माती सांडली.

"लाकूड मेलंय, सायेब. चुन्यानं जित्तं व्हत न्हाई," अप्पा हेडमास्तरांना म्हणाले.

सुतार काम शोधायलाय, असं हेडमास्तर मला ऐकू जाईल इतपत पुटपुटले. त्याच दिवशी मी पोरं लिंबाखाली नेली. परवानगीविना वर्ग हलवला म्हणून मला लेखी नोटीस मिळाली.

आठवड्याभरात, भरदुपारी, तुळई बसली. पोरांच्या जागेवर मातीचा ढीग पडला. आत कुणी नव्हतं.

हेडमास्तर धावत आले. ढिगाकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"नागोबानंच वाचवली लेकरं."

नोटीस त्यांनी मागे घेतली नाही. पुढच्या पंचमीला वारुळावर दुप्पट दूध ओतलं गेलं. वारूळ तसंच ठेवून तुळई बदलायचं काम अप्पांनी नाकारलं, तेव्हा दुसरा सुतार आणून नवी तुळई त्याच भिंतीवर चढवली. तिलाही चुना लावला.

माझी बदली होईपर्यंत तिसरी लिंबाखालीच बसली. पाऊस आला की देवळात.