लेकीच्या हॉटेलातला चहा

सहादेवाला चहाचं व्यसन होतं आणि ते त्याने कधी लपवलं नाही. घरी गुळाचा, शेतावर बिनदुधाचा, सोयऱ्याधायऱ्यांकडे गेला तर साखरेचा. मिळेल तो चहा तो बशीत ओतून डोळे मिटून प्यायचा. जेवायला उशीर झाला तर ह्यांचं काही अडत नाही, चहाला झाला की घर डोक्यावर घेतात, असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

असा हा माणूस दर बाजाराला दुपारी तीनच्या सुमारास शेवगावातल्या एका चांगल्या चालत्या चहाच्या हॉटेलात तासभर बसायचा आणि थेंबही तोंडात घ्यायचा नाही. हॉटेल त्याच्या जावयाचं, गोरक्षचं होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत. आणि सहादेव रीतीला भलताच पक्का. पैसे टाकून प्या, म्हणजे विकतचा झाला, असं गोरक्षने एकदा सुचवून पाहिलं. पैसे टाकले म्हणून चूल बदलते का, असं म्हणून सहादेवाने विषय संपवला.

बाजार उरकला की तो दारालगतच्या बाकावर बसे, सोबतच्यांना चहा सांगे आणि आपण तंबाखू मळत राही. पितळी पातेल्यात आलं घातलेला चहा उकळायचा, गोरक्ष तो फडक्यातून गाळायचा आणि त्या वासाने सहादेवाचा जीव कासावीस व्हायचा. आत त्याची लेक बनू कपबशा विसळताना दिसे. तिला डोळे भरून बघायचं आणि एसटी गाठायची. अशी पाच वर्षं गेली. आपण लेकीच्या सासरचा केवढा मान राखतो, याचा त्याला मनातून अभिमानच होता म्हणा ना.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका बाजाराला बाकावर एक परगावचा बैलांचा व्यापारी येऊन टेकला. शेजारचा म्हातारा वासावरच भागवतोय, हे पाहून त्याला नवल वाटलं आणि त्याने मोठ्याने कारण विचारलं. सांगायला चौघे तयारच होते. लेक हीच, लग्नाला पाच वर्षं झाली, अजून काही नाही, असं सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. दर दोन-चार बाजारांना कुणीतरी नवखा विचारायचा आणि हेच सांगितलं जायचं. सहादेवाने नेहमीसारखी मान डोलावली.

आतला कपबशांचा आवाज थांबला. बनू पदर सावरत, हातात भरला कप घेऊन पुढे आली. गिऱ्हाइकांत ती कधी येत नसे.

"आबा," ती हळूच म्हणाली, "घरात मला कुनी काय बोलत न्हाई. सासूबाईबी न्हाई. पन तुमी हितं बसून चहा घेत न्हाई, म्हून दर बाजाराला माझी रिकामी कूस समद्यांना कळती. एक तर ह्यो प्या, न्हाईतर येत जाऊ नका."

सहादेवाला हे कधी सुचलंच नव्हतं. सासरच्यांनी जे पाच वर्षांत केलं नाही, ते आपण मानाने इथे बसून करत आलो, हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. बापापासून चालत आलेली रीत मोडायची, त्याचीही भीती वाटली. त्याने कप घेतला, बशीत ओतला. थोडा धोतरावर सांडला. उरलेला तो प्यायला.

आता रीत व्यापाऱ्यालाही ठाऊक झाली होती. तो हसून म्हणाला, "म्हंजे गोड बातमी हाय तर पाव्हनं. पेढे कवा?"

सगळं हॉटेल सहादेवाकडे बघत होतं. बनू खाली बघत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"बातमी काय न्हाई," सहादेव म्हणाला. "लेकीच्या घरी आलोय, म्हून चहा प्यालो."

मग रिकामा कप त्याने बनूपुढे धरला आणि अजून अर्धा मागितला.