अनुसूयाबाईंचं शेपर

गुंडोराव एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीला होते. दिवसभर तिथे लोखंड कापूनही त्यांचं मन भरत नसे. मल्लेश्वरममधल्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे त्यांनी एक लहानसं लेथ बसवलं होतं. पण लेथवर होतं ते गोल काम. सपाट तासायचं, खाच पाडायची, तर शेपर हवं. साठ सालच्या सुमारास जेवताना रोज हाच विषय निघायचा. पत्नी अनुसूयाबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प भात घ्या."

एकदा यशवंतपूरला एका बारशाला दोघं गेले असताना गुंडोरावांच्या कानावर आलं, की जवळच जयसिंगरावांचं वर्कशॉप बंद होतंय. बारशाचे पेढे हातात घेऊनच ते तिकडे वळले. अनुसूयाबाईंना मागोमाग जावं लागलं.

जयसिंगराव सत्तरीचे, उंच, डोळ्यांनी अधू झालेले. बाकी सगळी यंत्रं गेली होती. उरलं होतं ते लढाईच्या आधीचं विलायती शेपर, बिडाचं, काळंभोर. त्यांनी ते चालू केलं. वरचा जाडजूड दांडा, त्याला रॅम म्हणतात, सावकाश पुढे सरकला, टोकाच्या हत्याराने लोखंडाची एक साल काढली आणि झरकन मागे आला. पुन्हा पुढे. गुंडोराव वाकून, बोट लावून बघत राहिले.

"मधे झिजलंय," जयसिंगराव आपणहूनच म्हणाले. "रॅमच्या बाजूची पट्टी कसून घेतली तर अजून तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. भंगारवाले रोज येतात. त्यांना देत नाही मी. तुम्हाला देतो, पण एक गोष्ट आहे. माझी लेक मल्लेश्वरमला असते, दर गुरुवारी मी तिच्याकडे येतो. जाताना तासभर तुमच्याकडे येऊन या यंत्राजवळ बसेन. कुणाशी बोलणार नाही, त्रास देणार नाही."

"या की, अण्णा!" गुंडोरावांनी लगेच कबूल केलं. गुरुवारी आपण कारखान्यात असतो आणि घरी असतात त्या अनुसूयाबाई, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. अनुसूयाबाईंच्या आलं, पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

शेपर बैलगाडीतून आलं. शेडचं दार पुरेना, म्हणून एका बाजूचे पत्रे काढावे लागले. लाकडी ओंडक्यांवरून ढकलत आत नेताना अनुसूयाबाईंच्या अबोलीचा वाफा पार चिरडला गेला. दोन दिवस त्यांनी नवऱ्याला हाक मारली नाही.

जयसिंगराव शब्दाचे पक्के निघाले. गुरुवारी यायचे, स्टुलावर बसायचे, फडक्याने रॅमवरची धूळ पुसायचे, तेल घालायचे आणि गप्प असायचे. अनुसूयाबाई कॉफी ठेवून आत जायच्या. पुढेपुढे त्या दारात थांबू लागल्या. शेवटी एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "अण्णा, बंद यंत्राकडे बघत काय बसता?"

"बंद का ठेवता, अक्का? चालू करा."

"मला नाही येत."

"मग काय, येईल," म्हातारा म्हणाला, आणि बटण दाबायचं ते कुठलं, हे बोटाने दाखवलं.

त्या दिवशी अनुसूयाबाईंनी नुसतं चालू केलं आणि बंद केलं. मग व्हाइसमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या पकडीत, लोखंड पकडायला शिकल्या, मग हत्याराला धार लावायला. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवायचा, पदर कमरेला आवळायचा, बांगड्या मागे सारायच्या. गुंडोरावांना हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. बायकोला विरंगुळा मिळाला, असं त्यांना वाटे.

बासष्टच्या उन्हाळ्यात गुंडोरावांना कारखान्याने वर्षभरासाठी उत्तरेकडे पाठवलं. निघताना ते सांगून गेले, "शेपरला ग्रीस फासून पोतं घाल. मी आल्यावर बघू."

ग्रीसचा डबा तसाच राहिला, कारण त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीचा गुरुराज पुली घेऊन दारात उभा राहिला. पुली दांड्यावर पक्की बसवणाऱ्या चावीची खाच फाटली होती आणि गिरणी बंद पडली होती. "गुंडोअण्णा नाहीत?" त्याचा चेहरा उतरला. "बाजारातले लोक आठवडा म्हणतात हो."

"ठेव इथे," अनुसूयाबाई म्हणाल्या, आणि आपणच दचकल्या.

तो गुरुवार होता. फाटलेल्या खाचेसमोरच्या बाजूला नवी खाच पाडायचं त्यांनी ठरवलं. जयसिंगराव स्टुलावर येऊन बसले. अनुसूयाबाईंनी पुली बांधली, हत्यार लावलं आणि घाईत जरा जास्तच खोल काप दिला. कडकन आवाज झाला. हत्याराचं टोक उडून भिंतीवर आपटलं. म्हाताऱ्याने उठून ताबा घ्यावा, असं अनुसूयाबाईंना मनापासून वाटलं. तो उठला नाही.

"लागलं का कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

"सरी, बरं झालं. मग दुसरं टूल घ्या."

त्या पाणी प्यायल्या. त्यांनी दुसरं हत्यार घासलं. या वेळी काप इतका हलका दिला, की बिडाची नुसती पूड पडत होती. दोन तास लागले. जुनी चावी घालून बघितली, ती हातोडीच्या एका हलक्या टोल्याने सरकून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीची घरघर ऐकू आली, तेव्हा त्या अंगणात रांगोळी घालत होत्या. हातातली रांगोळी तशीच धरून त्या ऐकत राहिल्या.

मग उसाच्या रसाचा चरकवाला आला, छापखान्याचा माणूस आला. काही जण बाईमाणूस बघून परत गेले. बरेच थांबले.

गुंडोराव वर्षाने परतले ते न कळवता. टांग्यातून उतरताच त्यांना रॅमचा आवाज आला. शेडच्या दारात त्यांनी ट्रंक ठेवली. अनुसूयाबाईंची पाठ होती. काम संपेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि वळल्या तेव्हा एकदम कानकोंड्या झाल्या.

"कधी आलात?"

"आत्ताच," एवढंच म्हणून ते आंघोळीला गेले. चारपाच दिवस ते शेडमध्ये फिरकलेच नाहीत. आपल्या यंत्राला आपण परके झालो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि लागलं याची लाजही वाटत होती. रविवारी ते आले आणि अनुसूयाबाईंनी तासलेला एक ठोकळा उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

"अगं, टाचा उंच करून उभी राहतेस तू," ते म्हणाले. "पाय दुखत नाहीत?"

"दुखतात. यंत्र उंच माणसांसाठी केलंय."

गुंडोरावांनी त्या दुपारी फणसाच्या फळ्यांचा एक बुटका चौथरा ठोकून शेपरपुढे ठेवला. अनुसूयाबाई त्यावर चढून उभ्या राहिल्या, हँडलला हात पोचतो का पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे जरा हलतोय हो." ते पुन्हा खाली बसून डाव्या पायाखाली पाचर ठोकू लागले.