इमर्जन्सीतला भित्रा साडू

माझ्या साडूइतका भित्रा माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि अशा माणसानं पोटापाण्यासाठी निवडलं काय, तर इमर्जन्सी विभागातली डॉक्टरकी! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करतो. मोटारसायकलवरून पडलेले, छातीत कळ आलेले, साप चावलेले, विजेचा धक्का बसलेले, असे सगळे आधी याच्या पुढ्यात येतात. रोज हेच बघणाऱ्या माणसाची भीती एव्हाना मेलेली असायला हवी. याची उलट रोज वाढत गेली. तिथं जे जे पाहिलं ते ते तो संध्याकाळी डोक्यात घालून घरी आणायचा. माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याच्यापुढे द्राक्षांची वाटी आली की हा चाकू घेऊन बसायचा आणि एकेक द्राक्ष उभं चिरायचा. आडवं नाही, उभंच. "आडवं चिरलं तरी ते गोलच राहतं, दादा. गोल वस्तू घशात बुचासारखी बसते," असं तो इतक्या गंभीरपणे सांगे की श्रीगोंद्याच्या कॉलेजात इतकी वर्षं भूगोल शिकवून मला गोल म्हणजे काय ते कळलंच नाही, असं वाटायचं. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मीही मुलाला सबंध द्राक्ष दिलं नाही. त्याची भीती अशी लागट होती.

लग्नात तो मांडवाच्या मधोमध कधी बसला नाही. आधी बाहेर पडायचा रस्ता बघणार, मग जनरेटर कुठं आहे ते बघणार, मग उन्हाळ्यातले ते लोखंडी कूलर बघून शॉकच्या भीतीनं पोराबाळांना त्यांच्यापासून लांब हाकलत सुटणार. आहेर, मानपान, रुसवेफुगवे यांतलं काही त्याला दिसत नसे. पंगतीत त्याची नजर स्वतःच्या ताटावर नसून समोरच्या म्हाताऱ्यांच्या गळ्यांवर असे. एकदा एका साखरपुड्यात तो नवऱ्या मुलाच्या चुलत्यांकडे एकटक बघत बसला. चुलते अवघडले, टोपी सारखी केली, शेवटी म्हणाले, "काय पाव्हणं, जुनी वळख हाय का?" साडू म्हणाला, "ओळख नाही. पण तुम्ही बसल्या जागी धापताय. जिना चढताना छातीत भरून येतं का?" झालं! अंगठ्या राहिल्या बाजूला आणि चुलत्यांना गाडीत घालून छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला नेलं. पट्टी स्वच्छ निघाली. चुलत्यांनी कुणाशी तरी जिलब्यांची पैज लावली होती, एवढंच निष्पन्न झालं. ते गृहस्थ अजून आम्हाला कुठं दिसले तर रस्ता बदलतात.

त्याच्या विभागात एक शब्द उच्चारायला बंदी आहे, हे मला माहीत नव्हतं. एकदा दुपारी मी त्याला भेटायला गेलो, खाटा रिकाम्या दिसल्या म्हणून सहज म्हणालो, "आज निवांत दिसतंय." त्यानं चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. दोन सिस्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देवघरात चप्पल घालून आलो होतो. आमचा चहा येण्याआधी उलटलेल्या जीपमधली माणसं दारात आली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा त्याला काम करताना पाहिलं. आवाज खाली, हात स्थिर, कुठं घाई नाही. सगळे मार्गी लागल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "दादा, माझे गुडघे बघा." पँटीच्या आत त्याचे गुडघे खरोखर लटलटत होते.

तर हा माणूस संशोधन करतो. मी एकदा विचारलं, एवढी मर मर मरून हा आणखी उद्योग कशाला? तो म्हणाला, "भीती वाटते म्हणून. आपण वर्षानुवर्षं जे डोळे मिटून करतोय तेच चुकीचं असलं तर?" त्याचा विषय मला समजला तो असा. एखाद्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरतो, माणसाचं ब्लडप्रेशर कोसळतं. आधी थोडं सलाईन सगळ्यांनाच देतात. तरी प्रेशर उचललं नाही, तर पुढं काय? आणखी सलाईन द्यायचं, की सलाईन आवरून प्रेशर वाढवायचं औषध लवकर सुरू करायचं? दोन्ही पद्धती डॉक्टर वापरतात, दोन्हींनी माणसं वाचतात आणि दोन्हींत काही जातात. बरी कुठली, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. म्हणून नातेवाइकांनी होकार दिला तर कुणाला कुठली पद्धत द्यायची ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, आणि हे लोक पुढं काय होतं ते नोंदवत जातात. आमच्या भागात सलाईन म्हणजे टॉनिक. कांदे काढून अंग मोडलं तरी माणसं "एक बाटली चढवा की" म्हणत दवाखान्यात येतात. तिथं सलाईन कमी द्यायचा विषय काढणारा हा माणूस! "एका आजीनं मला विचारलं, डाक्टर, बाटल्या संपल्यात का?" हे सांगताना तो हसला नव्हता.

आमचे सासरे काष्टीचे. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामांची साखर वाढलेली, पण पथ्याचं नाव काढलं की "डाक्टर जावई केला त्यो कशाला मंग?" असं म्हणून चहात आणखी साखर घालणार. परवाच्या उन्हाळ्यात, कांदा काढणी चालली असताना, बांधावर त्यांच्या पायात बाभळीचा काटा गेला. साखरेमुळं पाय बधिर असायचेच, त्यामुळे फार दुखलं नाही. त्यांनी काटा ओढून काढला, हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि मामीला बजावलं, "धाकल्याला सांगू नगं. त्यो उगं घाबरंल."

एका सकाळी मामीचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना. "जावईबापू, ह्यास्नी हुडहुडी भरलीय. आन् कायबाय बोलायलेत." मी गाडी काढून काष्टीला गेलो तर मामा ओसरीवर बसून, फार पूर्वी विकलेल्या बैलाला हाका मारत होते. "सर्ज्या, हिकडं वळ. आरं हिकडं." बैलाला पाणी दाखवायची त्यांना घाई झाली होती. पाय पोटरीपर्यंत काळानिळा झाला होता. गावातल्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, "इथं थांबू नका." मी साडूला फोन लावला. त्यानं मोजके प्रश्न विचारले. बोलतात का? लघवी झाली का? हातपाय गार आहेत का? शेवटी तो म्हणाला, "दादा, गाडी सावकाश चालवा. मी दारात उभा आहे." इतक्या वर्षांत त्यानं मला हजार भीती घातल्या होत्या, पण भीती लपवताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

नगरचा तो रस्ता मी अनेकदा केला आहे. त्या दिवशी तो संपेना. मागच्या सीटवर मामीनं सलाईनची बाटली हातानं उंच धरली होती. मामा बैलाशी बोलत होते तोवर मला धीर होता. चिखलीचा घाट उतरताना ते बोलायचे थांबले. मी आरशात बघायचं धाडस केलं नाही. मामीनंच सांगितलं, "हायेत. छाती हालतीया."

साडू खरंच दारात उभा होता, स्ट्रेचर घेऊन. त्यानं मामांच्या अंगठ्याचं नख दाबून धरलं, सोडलं, आणि रंग परत यायची वाट बघत राहिला. तो रंग आलाच नाही असं मला वाटलं. मग त्यानं आपल्या वरिष्ठ डॉक्टर बाईंना हाक मारली आणि दोन पावलं मागं सरला. "मॅडम, तुम्ही बघा. मी इथं नातेवाईक आहे." दार मिटलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो आणि मी पाहिलं, की हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. खिशात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. त्या बाकावर तो आयुष्यात कधी बसला नसावा.

थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या. अँटिबायोटिक चालू केलं आहे, पहिलं सलाईन झालं, प्रेशर अजून उचलत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. पेशंट त्यात बसतात. विचारणं माझं काम आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उपचारांत काही कमी होणार नाही." त्यांनी दोन्ही पद्धती समजावल्या. मामीनं सगळं ऐकलं आणि साडूकडे वळली.

"तुमचाच अभ्यास ना ह्यो?"

"हो."

"मंग सांगा. काय करू?"

साडूनं मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना विचारू नका मावशी, त्यांना यात पडता येणार नाही."

"त्यांना न्हाई तर कुनाला इचारू?" मामीचा आवाज चढला, डोळे साडूवरच. "डाक्टर, तुमचा सोताचा बाप आत आसता तर तुमी काय केलं आसतं? येवढंच सांगा."

साडू तिच्यासमोर खाली बसला. "मामी, मला माहीत नाही. खोटं नाही बोलत. माहीत असतं तर हा अभ्यास सुरूच केला नसता."

मामीनं आधी त्याच्याकडे, मग मिटल्या दाराकडे बघितलं. आतून कसल्या तरी यंत्राचा टूं टूं आवाज येत होता आणि तो थांबतो का, हे मी कान देऊन ऐकत होतो. शेवटी ती म्हणाली, "मंग न्हाई. माज्या मानसाची चिठ्ठी नगा टाकू. बाई, तुमाला बरं वाटंल तसं करा." मॅडम "ठीक आहे" म्हणून आत गेल्या. राग नाही, आग्रह नाही.

मामी तोंडावर पाणी मारायला गेली तेव्हा साडू माझ्याशी बोलला. भिंतीकडे बघत, अगदी हळू. "दादा, ती नाही म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं." मी म्हणालो, मग चांगलंच आहे की. तो म्हणाला, "चांगलं कसं? इतक्या जणांपुढे उभा राहून मी हेच विचारलंय. दोन्ही रस्ते सारखे आहेत, असं सांगितलंय. मग माझ्या माणसाची पाळी आल्यावर मला का सुटल्यासारखं वाटावं? मी त्यांना खोटं सांगितलं का?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं चिंब होता.

मॅडमनी आपल्या समजुतीप्रमाणे थोडं आणखी सलाईन दिलं, मग प्रेशरचं औषध सुरू केलं. दुपार कलता कलता लघवी झाली, म्हणजे प्रेशर उचलायला लागलं. ही बातमी सिस्टरनं बाहेर येऊन सांगितली तेव्हा आम्ही तिघं बारशाला जमल्यासारखे हसलो आणि मामी तशीच हसता हसता रडायला लागली. पायाचं ऑपरेशन झालं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पण मामा वाचले. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्यांना सगळी हकिगत कळली तेव्हा ते मामीवर उखडलेच. "जावयाचा अभ्यास आन् सासऱ्यानंच न्हाई म्हनायचं? कॉम्प्युटरात नाव आलं आसतं माजं!"

"तुमी बैल हाकत हुता," मामी म्हणाली. "तुमाला काय इचारायचं?"

अभ्यास अजून चालू आहे. कुठली पद्धत बरी, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मामी दर फोनला विचारते, "कळलं का काय?" आणि साडू दर वेळी "नाही, मामी" म्हणतो. पलीकडून ती म्हणते, "बरं. घाई करू नगा," आणि फोन ठेवते. एकदा मात्र तिनं फोन लगेच ठेवला नाही. म्हणाली, "ह्यास्नी जे औषध दिलं, ते बी आधी कुनीतरी हो म्हनलं आसंल तवाच कळलं आसंल ना?" साडू हो म्हणाला. मग तिनं फोन ठेवला.

गेल्या महिन्यात मामीनं दिलेला डबा घेऊन मी हॉस्पिटलात गेलो होतो. त्याची ड्यूटी संपली होती, म्हणून बाहेरच शोधत होतो. तो त्याच बाकावर होता, एका बाईशेजारी. पूर्वी तो नातेवाइकांशी उभ्यानं बोलायचा. आता शेजारी बसतो. बाईंचा मुलगा आत होता. साडू हळू आवाजात काहीतरी सांगत होता, मला फक्त मधलं एक वाक्य ऐकू आलं, "माझ्या सासूबाई नाही म्हणाल्या होत्या. तुम्हीही म्हणू शकता." बाईंनी खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मला लांबून कळलं नाही. साडूनंही मान हलवली. त्याचं काम झालं होतं, घरी जायला हरकत नव्हती. पण तो उठला नाही. दाराकडे डोळे लावून दोघं शेजारी शेजारी बसून राहिले, सारखेच घाबरलेले. मी डबा मांडीवर घेऊन पलीकडच्या बाकावर बसलो आणि त्याला हाक मारली नाही.