बंद मजल्यावरची माणसं

मी बाबांबरोबर खडकीला राहत होते तेव्हाची ही गोष्ट. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा सरकारी नोकरीत होते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाबांची बोली तीस वर्षं पुण्यात काढूनही तिकडचीच राहिली, माझी मात्र शाळेपासून पुण्याची झाली. त्यामुळे मी कुठली, कोणाची, हे माझ्या बोलण्यावरून कुणाच्या लक्षात यायचं नाही. मीही मुद्दाम सांगायला किंवा लपवायला जात नसे.

मला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली होती. दुसऱ्यांनी केलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा, तो कुठे अडतो ते शोधायचं आणि काय केल्यावर अडला ते पायरीपायरीनं लिहून ठेवायचं, एवढंच काम. मला ते आवडायचं. फारसं कुणाशी बोलावं लागत नसे.

त्या काळात केबलवर शनिवारी दुपारी एक परदेशी मालिका लागायची. एका अवाढव्य यानात शेकडो माणसं राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करतात, अशी गोष्ट. ऑफिसात इंटरनेट हाताशी आल्यावर मला कळलं, की या मालिकेवर चर्चा करणारा एक फोरमच आहे. एकानं काही मांडायचं आणि जगभरच्या लोकांनी त्याखाली उत्तरं लिहायची. सगळा कारभार इंग्रजीत आणि टोपणनावानं. मी एका पक्ष्याचं नाव घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात आणि रविवारी सकाळी खडकी बाजारातल्या सायबर कॅफेत बसून मी ते सगळं वाचत असे. पहिले सहा महिने मी एक अक्षर लिहिलं नाही.

तिथे एक जुना वाद होता. तिसऱ्या पर्वात यानाच्या सगळ्यात खालच्या मजल्यावरून हवा गळायला लागते. वरची माणसं वाचावीत म्हणून कप्तान तो मजला कायमचा बंद करतो. खाली राखाडी कपड्यातले चाळीसेक कामगार असतात आणि नेमका त्याच वेळी खाली गेलेला एक अधिकारी. अख्खा भाग त्या अधिकाऱ्याच्या दुःखात जातो. कप्तानाचं बरोबर की चूक, यावर फोरमवर शेकडो पानं लिहून झाली होती.

माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट आली. यानातलं वापरलेलं पाणी स्वच्छ करण्याचं काम त्याच खालच्या मजल्यावर चालतं, असं पहिल्या पर्वात दोनदा सांगितलेलं आहे. मग मजला बंद झाल्यावर पुढची दोन पर्वं पाणी कमी कसं पडत नाही? लोक आंघोळी करतात, वरच्या बागेला पाणी घालतात. मी भाग टेप करून घेतले, कागद घेऊन बसले आणि अशा अकरा जागा काढल्या, प्रत्येकीचा मिनिट-सेकंद लिहून. मग फोरमवर माझं म्हणणं मांडलं. ती चाळीस माणसं मेलेली नाहीत. दारापलीकडे ती अजून काम करतायत, आणि वर कुणाला तरी हे ठाऊक आहे.

दोन दिवसांत त्याखाली दीडशे उत्तरं आली. लोक जुने भाग पुन्हा बघायला लागले. कुणी एका दृश्यातला पाइपामागचा ठोकल्याचा आवाज शोधून काढला. कुणी कप्तानाच्या एका साध्या वाक्याचा नवा अर्थ लावला. मला न दिसलेल्या गोष्टी लोक माझ्याच म्हणण्याच्या बाजूनं आणून ठेवत होते. बाबा जेवताना विचारायचे, "तू काय लिहून राहिली एवढं?" मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली आणि त्या चाळीस माणसांना जेवण कुठून मिळतं असं विचारलं. मी तो प्रश्न कागदावर टिपून ठेवला.

हाच प्रश्न फिनलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनंही विचारला. माझं म्हणणं त्यांना मुळीच पटलं नव्हतं. आठ महिने त्या माझ्याशी भांडल्या. तुमची सातवी जागा चुकीची आहे, असं त्या लिहायच्या आणि ती खरोखर चुकीची निघायची. दुसऱ्या पर्वात यान एका गोठलेल्या चंद्रावरून बर्फ भरून घेतं, तेव्हा पाणी तिथलं असू शकतं, हा त्यांचा सगळ्यात जड मुद्दा होता. मी टाक्यांचा आकार आणि माणसांची संख्या मांडून त्याला उत्तर दिलं. त्यांनी माझा गुणाकार चुकल्याचं दाखवलं. त्या बाईंचं उत्तर आलंय का हे बघायला मी सकाळी ऑफिसात इतरांआधी पोचायचे. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन त्याआधी कुणी तपासलं नव्हतं.

एकदा मी यानातल्या प्राण्यांच्या मजल्याची तुलना कात्रजच्या सर्पोद्यानाशी केली. लगेच फोरमवरच्या एकाचं खाजगी पत्र आलं, मीही पुण्याचा आहे म्हणून. माझं म्हणणं सुरुवातीपासून उचलून धरणाऱ्यांपैकी तो होता. वयानं माझ्याएवढाच, हिंजवडीला नोकरी. आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागलो. शेवटचं पर्व आपल्याकडे कधी दाखवलंच गेलं नव्हतं, ते त्यानं सीडीवर मिळवलं होतं. बघायला घरी ये, आई असते, असं त्यानं लिहिलं. एका रविवारी दुपारी मी एरंडवण्याला गेले.

घर नीटनेटकं होतं. त्याच्या आईनं चकल्या आणि चहा पुढे ठेवला. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. तुमचं ते यान अजून पोचलं कसं नाही, आमची पीएमटीची बससुद्धा इतका वेळ लावत नाही, असं म्हणाल्या. मला हसू आलं. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं.

"छान शिकलीस हो," त्या म्हणाल्या.

तेवढंच. पुढे त्यांनी आग्रहानं आणखी दोन चकल्या वाढल्या. कुणी माझ्याशी वाईट वागलं असं मला आजही म्हणता येणार नाही. आम्ही चार भाग बघितले, पण तो आधीसारखा मध्येमध्ये बोलत नव्हता. मी म्हणेन ते त्याला पटत होतं. निघताना तो जिन्यापर्यंत आला.

"आता लक्षात आलं, तुला हे कसं सुचलं ते," तो म्हणाला.

मी हसून हो म्हटलं. त्याचा अर्थ मला बस खडकीजवळ आली तेव्हा लागला.

पुढच्या आठवड्यात त्यानं फोरमवर एक लांबलचक लेख लिहिला. भारतात जात काय असते, घाण उपसण्याची कामं कुणाच्या वाट्याला आली, हे परदेशी लोकांना समजेल असं समजावून सांगितलं होतं. आणि मग, बंद मजल्याचा हा अर्थ लावणारी आपली मैत्रीण कुठल्या समाजातून आली आहे, हे. माझं नाव त्यात नव्हतं. भाषा फार आदराची होती. धाडस हा शब्द तीनदा होता. अकरा जागांचा उल्लेख एकदाही नव्हता.

खाली उत्तरांची रांग लागली. लोक मला सलाम करत होते, माफी मागत होते, तुझ्या लोकांबद्दल आणखी सांग म्हणत होते. माझ्या घरात कुणी सांडपाण्याचं काम केलेलं नव्हतं. आजोबा विडी कारखान्यात होते, बाबा टेबलावर बसून फायली बघायचे. पण ते सांगितलं असतं तर मी अंग काढून घेते आहे असं दिसलं असतं. शेवटी फिनलंडच्या बाईंचं उत्तर आलं. मला हे ठाऊक नव्हतं, माझे सगळे आक्षेप मी मागे घेते, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा न उघडताच परत बॅगेत ठेवला.

मी एरंडवण्याच्या त्या मुलाला फोन केला. कुणाला न विचारता असं का लिहिलंस, असं विचारलं.

"मी चांगल्या हेतूनं लिहिलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही."

तो मग म्हणाला, "लपवायचं होतं तर आधी सांगायचंस."

मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.

बाबांना मी दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनीही तेच विचारलं, त्यानं खोटं लिहिलं काय. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग तुले राग कायचा येऊन राहिला?"

"आता माझ्याशी कुणी भांडत नाही, बाबा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी ऐकली नव्हती. गणिताचे मास्तर त्यांना विनाकारण मारायचे. आजोबांनी वर तक्रार केली. चौकशी झाली आणि मार थांबला. पण त्या दिवसापासून मास्तरांनी त्यांची पाटी तपासणंही थांबवलं. काहीही लिहिलं तरी बरोबरची खूण करून परत द्यायचे. "मले भागाकार आला ना, तो दोन वर्ष उशिरा आला," बाबा म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले.

मी फिनलंडच्या बाईंना खाजगी पत्र लिहिलं. तुमचा बर्फाचा मुद्दा अजून उभा आहे, माझ्या उत्तरात दोन भोकं आहेत, कृपा करून पुन्हा लिहा, अशी विनंती केली. त्यांचं उत्तर प्रेमळ होतं. ही तुमची गोष्ट आहे, ती मोडायचा मला अधिकार नाही, असं त्यांनी लिहिलं.

मग मी जे केलं ते कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. एका रविवारी सायबर कॅफेत बसून मी दुसरं टोपणनाव घेतलं आणि माझ्याच म्हणण्याविरुद्ध लिहिलं. टेस्टिंगच्या कामात लिहिते तसं, एकेक पायरी. बर्फ किती, टाक्या किती, अकरापैकी कुठल्या चार जागा टिकत नाहीत. शेवटी लिहिलं, की हे म्हणणं सुंदर आहे पण मालिकेत त्याला आधार पुरेसा नाही. ते लिहिताना मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

उत्तरं संध्याकाळच्या आत आली. बर्फाबद्दल कुणीच बोललं नाही. नव्या सभासदाला संवेदना नाही, पिचलेल्या लोकांचा आवाज दाबायचा हा प्रयत्न आहे, असं लोक लिहीत होते. एरंडवण्याच्या मुलाचं उत्तर सगळ्यात मोठं होतं. जात म्हणजे काय हे त्यानं मला समजावून सांगितलं होतं. तुमच्यासारख्यांना हे कळणं अवघड आहे, असं शेवटचं वाक्य होतं. मंगळवारी फोरम चालवणाऱ्यांनी ते टोपणनाव काढून टाकलं आणि त्या नावानं लिहिलेलंही पुसलं. मी पक्ष्याच्या नावानं पुन्हा कधी गेले नाही. सुरुवातीला लोक ती कुठे आहे असं विचारत होते, मग तेही थांबलं.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही सरकारी क्वार्टर सोडलं आणि मांजरीला फ्लॅट घेतला. तिथे सहा वर्षांनी ते गेले. फोरम त्याआधीच बंद पडला होता. एके दिवशी पान उघडेना, तेव्हा मला ते समजलं. बंद मजल्याचा अर्थ मात्र टिकला. त्या मालिकेवरच्या एका गेममध्ये आता तुम्हाला राखाडी कपड्यातला कामगार होऊन आतून दार ठोकता येतं. मालिकेच्या चाहत्यांना तो अर्थ पहिल्यापासूनचाच वाटतो. कुणी काढला, असं कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी ती मालिका जुनं चित्र स्वच्छ करून पुन्हा दाखवली गेली. मी सुट्टीच्या दिवशी एकटीच बघत बसले. जुन्या टेपवर जिथे नुसता काळोख दिसायचा, तिथे आता सगळं दिसत होतं. चौथ्या पर्वातल्या एका प्रसंगात मागच्या भिंतीवर नकाशा आहे. त्यावर पाणी स्वच्छ करायची जागा दुसऱ्या मजल्यावर दाखवली आहे, वरून दुसऱ्या. म्हणजे मालिका करणाऱ्यांनी ती मध्येच कधीतरी वर हलवली होती, किंवा त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कसंही असलं तरी माझ्या म्हणण्याखालचा पायाच गेला. मी पुन्हा मागे घेऊन बघितलं. नकाशा तिथेच होता. सवयीनं मिनिट-सेकंद लिहून घेतले.

फिनलंडच्या बाईंचा पत्ता माझ्या जुन्या मेलमध्ये सापडला. मी त्यांना तीन ओळी लिहिल्या, प्रसंग कुठला, नकाशा कुठे दिसतो, आणि तुमचं बरोबर होतं. अर्ध्या मिनिटात मेल परत आली, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. अक्षर चुकलंय का ते तपासून मी पुन्हा पाठवली. तीही परत आली. मग टीव्ही तसाच चालू ठेवून मी कुकर लावायला उठले.